पावसात बोंब, धुळीत झोप

ऑगस्टात लोणावळ्याला ढग घरात येतो. गॅलरीचं दार जरा उघडं राहिलं की पांघरुणं दमट होतात, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीची काडी तीनदा घासावी लागते. अशाच एका बंगल्याच्या गॅलरीत हवेचा दर्जा दाखवणारी पांढरी डबी भिंतीला टांगलेली होती आणि तिच्यावर लाल अक्षरांत आकडा झळकत होता, १६८. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. बाहेर आठवडाभर कोसळून हवा धुऊन निघालेली, दरीतून फक्त ओल्या मातीचा आणि पाचोळ्याचा वास. मुक्कामाला आलेल्या आजींनी आकडा पाहिला, नातवाला दंडाला धरून आत ओढलं, "आत ये रे, हवा खराब आहे," म्हणाल्या आणि दार-खिडक्या गच्च लावून घेतल्या. मग आत डास होते म्हणून कॉइल पेटवली.

आजींना हसण्यात अर्थ नाही. लाल आकडा दिसल्यावर शहाण्या माणसानं जे करावं तेच त्यांनी केलं. खटकत राहतो तो आकडा. कारण डबी बिघडलेली नव्हती, तिनं जे पाहिलं तेच सांगितलं. आणि याच जातीची डबी एप्रिलमध्ये पुण्यात एखाद्या खोदलेल्या रस्त्याच्या कडेला ठेवा. काँक्रीट कापणारं चक्र चालू आहे, टपरीवरच्या चहावर पिठासारखी पांढरी साय धरली आहे, दाताखाली कचकच लागते आहे, आणि आकडा ३०-३५ वर निवांत. पावसात बोंब आणि धुळीत झोप. दोन्ही चुकांमागे ठोस कारणं आहेत, आणि ती कळली नाहीत तर कॅलिब्रेशन, म्हणजे डबीचा आकडा खऱ्या आकड्याशी जुळवणं, नुसता एक गुणाकार होऊन बसतं.

डबीच्या पोटात बहुतेक वेळा प्लँटॉवर कंपनीचा पीएमएस ५००३ हा सेन्सर असतो, नाहीतर नोव्हाचा एसडीएस ०११, किंवा जरा जास्त पैसे टाकले असतील तर सेन्सिरियनचा एसपीएस ३०. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर यांपैकी काही ना काही मिळून जातं. पीएमएस ५००३ हातात घेतला तर ५० बाय ३८ मिलिमीटरचा, २१ मिलिमीटर जाडीचा निळसर पत्र्याचा तुकडा. एका बाजूला हवा आत घेणारी भोकं आणि त्याच बाजूला हवा बाहेर टाकणारा नखाएवढा पंखा. आत हवेची वाट दोन-तीनदा वळते, एका काळ्या कोपऱ्यात लाल लेझरची रेघ तिला आडवी जाते, आणि रेघेच्या काटकोनात एक फोटोडायोड बसलेला असतो. माजघरात कौलांतून कवडसा पडला की त्यात धूळ नाचताना दिसते, तसा हा यंत्रानं स्वतःपुरता पाडलेला कवडसा आहे. फोटोडायोड त्यातली चमक पाहतो. वजन त्याला दिसत नाही. चमकेवरून वजन काढण्यासाठी कणाची घनता किती, रंग कसा, तो प्रकाश कितपत वळवतो, हे सगळं कारखान्यात कोणीतरी गृहीत धरून ठेवलेलं असतं, आणि ते गृहीतक आपल्या गल्लीतल्या धुळीला विचारून केलेलं नसतं.

यातून पुढचं सगळं निघतं. ०.३ मायक्रॉनच्या खालचा कण या रेघेत जवळजवळ चमकतच नाही. डिझेलच्या ताज्या धुराचा मोठा भाग तिथेच असतो, म्हणजे बसच्या नळकांड्यामागे उभं राहूनही आकडा अपेक्षेपेक्षा कमी येऊ शकतो. दुसऱ्या टोकाला, पाच-दहा मायक्रॉनचा जाड कण त्या वळणावळणाच्या वाटेत भिंतीलाच आपटून बसतो, आणि एवढ्याशा रेघेतून जाण्याइतका नशीबवान कण दुर्मीळ. काँक्रीटची भुकटी यात अडकते. तरीही यंत्र पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, आकडा ठणकावून देतं, शिवाय सहा आकारांच्या कणांची मोजणीही देतं. ती मोजणी खरी मानू नये. हा सेन्सर कण एकेक करून मोजत नाही, सगळ्यांची मिळून चमक मोजतो, हे प्रयोगांत नीट दिसलेलं आहे; आकारांचे रकाने बऱ्याच अंशी ठरावीक प्रमाणात वाटून दिलेले असतात. पीएम १० चा रकाना म्हणजे पीएम २.५ चाच आकडा जरा फुगवून. स्वस्त सेन्सरवरून रस्त्याच्या धुळीबद्दल तावातावानं बोलणाऱ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं. त्या रकान्यावर चिकटपट्टी लावली तरी चालेल.

मग खरं वजन कोण करतं?

सर्वांत जुनी आणि सरळ पद्धत म्हणजे गाळणी. ४७ मिलिमीटर व्यासाची टेफ्लॉनची पातळ चकती ठरावीक तापमानाच्या, ३०-४० टक्के आर्द्रतेच्या खोलीत चोवीस तास मुरवायची, मायक्रोग्रॅमपर्यंत वजन करणाऱ्या काट्यावर तोलायची, मग तिच्यातून मिनिटाला १६.६७ लिटर या वेगानं चोवीस तास हवा ओढायची. हिशेब सोपा, बरोबर २४ घनमीटर. आपल्याकडे पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा २००९ च्या मानकांनुसार ६० मायक्रोग्रॅम आहे. त्या दिवशी चकतीवर जमा होतो फक्त १.४४ मिलिग्रॅम माल. बोटाचा ठसा उमटला तरी घोळ. चकती पुन्हा मुरवायची, पुन्हा तोलायची. हवा मोजणाऱ्या सरकारी केंद्रांत तासातासाला आकडा हवा असतो म्हणून तिथे बीटा किरणांचं यंत्र असतं, बोलीत बॅम. काचतंतूंच्या फितीवर तासभर हवा ओढायची, कणांचा डाग पडतो, त्यातून बीटा किरण किती कमी पार जातात त्यावरून वजन. बॅममधून उतरवलेली फीत पाहण्यासारखी असते. पांढऱ्या कागदावर ओळीनं गोल डाग, दुपारचे फिके राखी, रात्री नऊ-दहाचे गडद, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचे दोन-चार जवळजवळ काळे.

या दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखी आहे. तोलण्याआधी कण वाळवलेला असतो. गाळणी कोरड्या खोलीत मुरते आणि बॅमच्या नळीवर हीटर असतो, तो आतली आर्द्रता साधारण ३५ टक्क्यांवर आणतो. स्वस्त सेन्सरला वाळवण नाही. तो कण जसा येईल तसा, पाणी प्यायलेला, फुगलेला, पाहतो. हवेतले सल्फेट, नायट्रेट, मीठ हे कण पाण्याला हपापलेले असतात. समुद्राच्या मिठाचा कण ७५ टक्के आर्द्रतेला विरघळून थेंब होतो, आणि एकदा ओला झाला की हवा ४५ टक्क्यांच्या आसपास कोरडी होईपर्यंत तो पुन्हा घट्ट होत नाही. मुंबईत वर्षाचे किती तास हवा ४५ च्या खाली जाते याचा विचार करा. आणि लोणावळ्यातल्या ढगात तर कणाची भानगडच नाही, पाण्याचेच थेंब रेघेतून वाहत होते. १६८ ही त्या थेंबांची चमक होती. अर्थात बॅमही देव नाही. त्याच्या हीटरनं अमोनियम नायट्रेटसारखा उडून जाणारा माल थोडा उडतो, आणि हवा स्वच्छ असताना तासाचा आकडा इतका डगमगतो की कधी उणेही येतो. पण कशावर तरी बोट ठेवून सुरुवात करावी लागते, आणि स्वस्त सेन्सर शेजारी ठेवून ताडायला त्यातल्या त्यात हाच भरवशाचा.

त्या शेजाऱ्याकडे सेन्सर नेण्याआधी घरच्या टेबलावर करायची कामं बरीच आहेत, आणि निम्मे घोटाळे तिथेच उरकतात. सेन्सरला वीज ५ व्होल्टची लागते, कारण पंखा त्यावर चालतो. त्याच्या संदेशाच्या तारा मात्र ३.३ व्होल्टच्या. फाटका मोबाइल चार्जर आणि दोन मीटर बारीक वायर लावली की टोकाला ४.६ व्होल्ट पोचतात, पंखा मंदावतो, आणि आकडा हळूहळू सरकतो. हा दोष कॅलिब्रेशनच्या आलेखात पकडता येत नाही, मल्टिमीटर लावूनच कळतो. संदेश ३२ बाइटचा, ९६०० बॉडच्या वेगानं. हेक्समधले ४२ आणि ४डी हे सुरुवातीचे दोन बाइट. शेवटचे दोन बाइट म्हणजे आधीच्या ३० बाइटांची बेरीज. ती ताडून न पाहणारे प्रोग्रॅम सर्रास आढळतात, आणि मग मध्येच कधीतरी १२,००० वगैरे आकडा येतो व दिवसाची सरासरी नासवून जातो.

त्याहून छुपा घोळ दोन रकान्यांचा. सेन्सर पीएम २.५ दोनदा देतो. एक ‘सीएफ-१’ म्हणून, दुसरा ‘वातावरणीय’ म्हणून. ३० मायक्रोग्रॅमपर्यंत दोन्ही सारखेच. त्यावर दुसरा मागे पडत जातो आणि प्रदूषण वाढलं की पहिल्याच्या दोन-तृतीयांशावर स्थिरावतो. म्हणजे एकाच दोरीला बांधलेले दोन धडधाकट सेन्सर, एकाचा प्रोग्रॅम पहिला रकाना वाचणारा, दुसऱ्याचा दुसरा. एक म्हणणार १००, दुसरा ६७. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावरून दोन इमारतींत वाजलं तर नवल नाही. त्यात एकाच्या अॅपमध्ये भारतीय निर्देशांक आणि दुसऱ्याच्यात अमेरिकन असेल तर संपलंच. चोवीस तासांची सरासरी ६० असेल तर आपल्या निर्देशांकात ती १०० होते, ‘समाधानकारक’ची वरची कड, अमेरिकेच्या २०२४ नंतरच्या पट्टीत तीच १५४, म्हणजे ‘आरोग्यास अपायकारक’. हवा एकच.

शून्य तपासायला फार साहित्य लागत नाही. झिपच्या मोठ्या पिशवीत सेन्सर ठेवायचा, माशांच्या टाकीचा पंप आणि नळीत बसणारा, बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर लावून पिशवीत गाळलेली हवा सोडत राहायची, एका कोपऱ्यातून ती बाहेर पडू द्यायची. दहा-पंधरा मिनिटांत आकडा ० किंवा १ वर यायला हवा. चार-पाचावर अडून बसला तर आत धूळ बसली आहे किंवा लेझर-डायोडची जोडीच वाकडी आहे; असा सेन्सर बाजूला काढावा. उलट बाजूनं सावधगिरीही हवी, कारण दोन-तीन मायक्रोग्रॅमच्या खालची खरी हवासुद्धा हा सेन्सर पुष्कळदा शून्यच दाखवतो. शून्य आलं म्हणजे डोळे तीक्ष्ण आहेत असं नाही.

आपापसात जुळणी पाहायला उदबत्ती. झाकणाचा ५०-६० लिटरचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात हवा ढवळायला कॉम्प्युटरचा जुना पंखा, सगळे सेन्सर एकाच उंचीवर, भोकं एकमेकांच्या तोंडावर येणार नाहीत असे. लोक इथे हमखास अख्खी उदबत्ती पेटवून आत ठेवतात. एवढ्या जागेत आकडा काही मिनिटांत हजारोंच्या घरात जातो, सेन्सर सगळे डोळे मिटून एकच आकडा दाखवत बसतात आणि त्यातून शिकण्यासारखं काही उरत नाही. वर आतल्या काचेवर धुराचं तेल बसतं ते वेगळंच. पेटती उदबत्ती दोन-तीन सेकंद डब्यात धरून बाहेर काढायची, एवढं भरपूर. धूर सगळीकडे सारखा पसरू द्यायचा, झाकण बोटभर किलकिलं ठेवायचं, आणि आकडा ५०० वरून १० पर्यंत उतरेल तो उतार प्रत्येक सेन्सरचा नोंदवायचा. सहापैकी पाच एकमेकांच्या दहा टक्क्यांत उतरतात, सहावा वेगळ्याच वाटेनं, असं चित्र नेहमीचं. या उतारावरून सेन्सर एकमेकांशी जुळवता येतात. त्यावरून बाहेरच्या हवेसाठी आकड्याला कितीनं गुणायचं तो गुणांक मात्र काढू नये. उदबत्तीचा धूर बारीक, तेलकट, फिकट. कर्वे रोडच्या हवेत त्यात काजळी, माती, टायरचा चुरा, कचऱ्याचा धूर. एकाचा गुणांक दुसऱ्याला लावणं म्हणजे निव्वळ मनाचं समाधान.

खरी परीक्षा सरकारी केंद्राच्या गच्चीवर. सेन्सरची डबी बॅमच्या तोंडापासून दोन-चार मीटरमध्ये, साधारण त्याच उंचीला, भोकं खाली करून. एसीच्या गरम झोताच्या वाटेत नको, बॅमच्याच पंपाच्या निकासाजवळ तर मुळीच नको, कारण तिथून गाळलेली हवा बाहेर पडते आणि सेन्सर खूश राहतो. खोक्यात हवा आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा मार्ग वेगळा ठेवावा लागतो. पीएमएस ५००३ ची दोन्ही तोंडं एकाच बाजूला असल्यानं मध्ये स्पंजची पट्टी चिकटवली नाही तर तो स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा हुंगत बसतो. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये सुरू झालेल्या नागरिकांच्या सेन्सर-जाळ्यानं खोक्याचा सोपा तोडगा काढला. सांडपाण्याच्या पाइपचे दोन प्लॅस्टिकचे कोपरे एकमेकांत खोचायचे आणि आत एसडीएस ०११ बसवायचा, पाऊस आत येत नाही आणि हवा खेळती राहते. आपल्या मुसळधार आडव्या पावसात कोपऱ्याचं तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला फिरवलेलं बरं.

घड्याळ हे या कामातलं सर्वांत तुच्छ वाटणारं आणि सर्वांत जास्त छळणारं प्रकरण आहे. सेन्सरचा बोर्ड इंटरनेटवरून यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, घेतो. केंद्राचा डेटा भारतीय वेळेत. साडेपाच तास मिळवले की झालं, असं वाटतं, आणि इथेच फसगत होते. यूटीसीतल्या दहा ते अकराचा तास म्हणजे आपले साडेतीन ते साडेचार. सर्व्हरनं तासाची सरासरी आधीच काढून ठेवली असेल तर कितीही सरकवली तरी ती तीन ते चारच्या तासावर बसणार नाही, अर्धा तास उसवलेलीच राहणार. पूर्ण तासांच्या फरकाच्या देशांत लिहिलेल्या प्रोग्रॅमना ही अडचण माहीतच नसते. मिनिटामिनिटाची नोंद ठेवावी, आधी वेळ बदलावी, मग सरासरी काढावी. त्यातही केंद्र ‘नऊ’ असं लिहितं ते आठ ते नऊचं की नऊ ते दहाचं, हे विचारून घ्यावं. संध्याकाळी सातला वाहतुकीनं आकडा चढतो तेव्हा एका तासाची चूक आलेखातल्या ठिपक्यांची सगळी रांग विस्कटून टाकते, आणि लोक सेन्सरला दोष देतात. तासातली ४५ मिनिटं तरी नोंद असेल तरच तो तास धरावा. वीज गेल्यानंतर पंखा फिरायला लागल्यावर पहिली तीस सेकंद सोडून द्यावीत.

एका अक्षावर सेन्सरचा आकडा, दुसऱ्यावर बॅमचा, असे तासातासाचे ठिपके जमले की रेघ ओढायची. बहुतेक लेख या टप्प्याचंच कौतुक करतात आणि मला तो सर्वांत कमी रंजक वाटतो, एक अपवाद सोडून. तो अपवाद म्हणजे दिवाळी. नोव्हेंबरातले तीन आठवडे ठिपके ३० ते ९० मध्ये घुटमळत असतात, त्यात लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचे पाच-सहा ठिपके ५०० च्या आसपास जाऊन पडतात. रेघ त्या ठिपक्यांच्याच मागे जाते. आर-स्क्वेअर, म्हणजे ठिपके रेघेला किती धरून आहेत ते सांगणारा आकडा, ०.६५ वरून ०.९३ होतो आणि अहवालात ठळक छापला जातो. प्रत्यक्षात रोजच्या हवेसाठी काहीच सुधारलेलं नसतं. फटाक्यांचा धूर पोटॅशियमच्या क्षारांनी भरलेला, नेहमीच्या धुरापेक्षा निराळा, शिवाय त्या पातळीला सेन्सर स्वतःच अर्धा दिपलेला. ते तास वेगळे काढून रेघ पुन्हा ओढावी आणि दोन्ही उतार शेजारी लिहावेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०२१ मध्ये सेन्सर-चाचणीचे जे निकष दिले त्यांत आर-स्क्वेअर किमान ०.७० सांगितला आहे, पण त्याच्या जोडीला रेघेचा उतार, ती अक्षाला कुठे छेदते आणि चूक किती मायक्रोग्रॅमची, हेही मागितलं आहे. किमान तीन सेन्सर, ३० दिवस, दोन वेगळ्या हवामानांची ठिकाणं. एक सेन्सर आठवडाभर टांगून काढलेला गुणांक या हिशेबात कुठेच बसत नाही.

त्याच वर्षी त्यांच्या संशोधकांनी पर्पलएअर कंपनीच्या अशाच डब्यांसाठी काढलेलं सूत्र आता जगभर फिरतं. सेन्सरचा सीएफ-१ आकडा गुणिले ०.५२४, वजा आर्द्रता गुणिले ०.०८६२, अधिक ५.७५. आर्द्रता डबीच्या आतली, बाहेरची नव्हे. आतली नेहमी कमी असते कारण डबी स्वतः तापते. सेन्सर १०० म्हणतो आणि आर्द्रता ४० असेल तर उत्तर येतं ५५ च्या जवळ. अमेरिकेतल्या हवेसाठी ते चांगलं काम करतं. आता हेच लोणावळ्याला लावू. १६८ हा सीएफ-१ चा आकडा आणि आर्द्रता ९५ धरली तर उत्तर ८५ च्या वर. धुतलेल्या हवेला ८५! सूत्राचा काही दोष नाही, ढगात बसून वापरण्यासाठी ते केलेलंच नव्हतं.

आर्द्रतेचं गणित सरळ रेषेत चालत नाही, हीच मेख आहे. कणाला पाण्याची ओढ किती याचा एक गुणांक असतो. जमिनीवरच्या शहरी हवेसाठी तो ०.३ च्या आसपास धरतात. त्यावरून कणाचं आकारमान ५० टक्के आर्द्रतेला १.३ पट, ८० ला २.२ पट, ९० ला ३.७ पट, ९५ ला ६.७ पट निघतं. म्हणून भौतिकशास्त्राला धरून उलटी दुरुस्ती करायचा मोह होतो, आणि ८५ टक्क्यांपर्यंत ती पुष्कळ बरी चालते. पण डबीतला आर्द्रता मोजणारा तीनशे रुपयांचा तुकडा तीन टक्के इकडे-तिकडे असतो. तो ९५ म्हणाला आणि खरी आर्द्रता ९२ असेल तर भागायचं ४.५ नं, ९८ असेल तर १५.७ नं. दुरुस्तीच मग मूळ चुकीपेक्षा मोठी होते. त्या तासांचा आकडा दाखवूच नये, रिकामी रेघ ठेवावी, हे माझं मत. रिकाम्या रकान्याला लोक घाबरतात, ग्राहक फोन करतो, दाखवणाऱ्या कंपनीला कमीपणा वाटतो. पण जून ते सप्टेंबर कोकणात आणि घाटमाथ्यावर रात्रभर रकाना रिकामा राहिला तर त्यात खोटं काही नसतं. सेन्सरच्या तोंडाशी छोटी तापती नळी बसवून हवा वाळवता येते, थोडी वीज जास्त लागते, सौर पॅनेलवर चालणाऱ्या डबीला ती परवडत नाही.

एकाच कुळातला सेन्सर अमेरिकेतल्या डरॅमला आणि आपल्या कानपूरला ठेवून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. डरॅमच्या कमी प्रदूषणाच्या हवेत तासाच्या सरासरीत गोंगाटच फार, म्हणून जास्त तासांची सरासरी घ्यावी लागते. कानपूरच्या दाट प्रदूषणात तोच सेन्सर हुशार वाटतो. मुंबईतही २०२०-२१ मध्ये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी भारतीय नवउद्योगांचे सेन्सर मंडळाच्याच केंद्रांशेजारी काही महिने ठेवून ताडून पाहिले. शहरात ज्या हवेत सेन्सर राहणार त्याच हवेत तपासायचा, हा त्यातला शहाणपणा. मात्र दुरुस्तीचं गणित संगणकाला शिकवून असं काम घरच्या घरी करणाऱ्यांनी तपासणीचे तास चिठ्ठ्या टाकून निवडू नयेत. आठची हवा आणि नऊची हवा जवळजवळ सारखीच; आठ शिकायला दिला आणि नऊ परीक्षेला ठेवला तर पेपर फुटल्यात जमा. सलग आठवडे बाजूला काढावेत, शक्य तर अख्खा ऋतू. हिवाळ्यात शिकलेलं मॉडेल मे महिन्यात नापास होताना पाहिलं की रँडम फॉरेस्टसारख्या, आकड्यांवरून शिकणाऱ्या मॉडेलांच्या नावांचा दबदबा कमी होतो. शिकताना पाहिलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पलीकडे असं मॉडेल जातच नाही, आणि आपल्याला हवा असतो नेमका तो वाईट दिवस.

सगळं जुळवून भिंतीवर टांगलं तरी सेन्सर म्हातारा होत राहतो. एसडीएस ०११ चं आयुष्य कागदोपत्री ८,००० तास, म्हणजे सलग चालवला तर ३३३ दिवस. पाच मिनिटांत एकच मिनिट चालवला तर साडेचार वर्षं निघतात. एसपीएस ३० दर आठवड्याला दहा सेकंद पंखा जोरात फिरवून स्वतःला झाडतो, पण वीज गेली की त्याचा आठवडा पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो. जिथे दर दोन दिवसांनी लाइट जाते तिथे ही झाडलोट कधीच होत नाही, ती आज्ञा प्रोग्रॅममधून द्यावी लागते. कोळ्याचं जाळं भोकावर बसलं की आकडा कधी चढतो, कधी पडतो. आणि कुंभारीण माशीला पाइपचा कोपरा म्हणजे आयतं घर, एका दुपारीत मातीनं तोंड बुजवून मोकळी. जाळी लावावी तर फार बारीक जाळी धुळीनं बुजते. एक ते दोन मिलिमीटरची स्टीलची जाळी आणि महिन्याकाठी मऊ ब्रशचा हात, एवढं जमतं. वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये, केंद्राशेजारी ताडून आणलेला एक फिरता सेन्सर प्रत्येक डबीच्या बाजूला दोन-तीन दिवस बांधून ठेवावा. काम कंटाळवाणं आहे, गच्च्यांच्या किल्ल्या मागत हिंडावं लागतं.

हे हिंडणं टाळण्यासाठी शहरभर सेन्सरांचं जाळं चालवणारे लोक एक युक्ती करतात. रात्री दोन ते चार शहरात हालचाल नसते, हवा सगळीकडे सारखी असणार, तेव्हा सगळ्या सेन्सरांनी सारखा आकडा दाखवायला हवा. जो वेगळा दाखवेल त्याला दुरुस्त करायचा. कागदावर छान. पण डिसेंबरात त्याच वेळी थंड हवा जमिनीलगत झाकणासारखी बसलेली असते, धूर जिथे उठतो तिथेच लोळतो, आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटवर वॉचमनची शेकोटी पेटलेली असते. पुठ्ठा, फर्निचरचं प्लाय, कधी सायकलची ट्यूब. तिसऱ्या मजल्यावरची डबी दीड वाजता चढते आणि पाचला उतरते, रोज. संगणक तिला सदोष ठरवतो आणि तिचा आकडा शेजाऱ्यांच्या पातळीला ओढून आणतो. दुपारी तीनला, ऊन पडून हवा चांगली घुसळलेली असताना ताळा घेतला तर ही गफलत बरीच कमी होते. आणि रात्रीचा तो चढ खोडायच्या आधी कोणीतरी गेटपर्यंत जाऊन यावं. शेकोटी असेल तर डबीला हात लावू नये, वॉचमनला स्वेटर आणि केबिनला दार मिळतं का ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारावं.